सेकंड क्लॅरिनेटचा कागद

आजोबा गेल्यावर त्यांची लोखंडी ट्रंक पाच-सहा वर्षं कुणी उघडलीच नव्हती. घर रंगवायला काढलं तेव्हा ती माळ्यावरून खाली आली. आत डांबराच्या गोळ्या, पोलीस बँडचा पितळी बकलाचा पट्टा, रीडच्या दोन रिकाम्या डब्या आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेले नोटेशनचे छापील कागद. बहुतेक मार्च होते. तळहातापेक्षा थोडे मोठे, चालता चालता वाजवायचे म्हणून पुठ्ठ्यावर चिकटवलेले. एकच कागद मोठा होता, चार पानांचा, घडीवर झिजून फाटलेला. वर छापलं होतं, 'लुस्टश्पील ओव्हर्चर'. ओव्हर्चर म्हणजे नाटकाआधी वाजते तशी वाद्यवृंदाची रचना. डावीकडे, 'सेकंड क्लॅरिनेट'. उजव्या कोपऱ्यात संगीतकाराचं नाव, 'केलर-बेला'.

हे नाव मी ऐकलेलं होतं. मी सात-आठ वर्षांची असताना आजोबा संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून क्लॅरोनेट वाजवत. आमच्याकडे सगळे 'क्लॅरोनेट'च म्हणायचे. वरातीच्या चाली, सिनेमातली गाणी, कधी भूपाळी. पण मधूनच ते काहीतरी तुटक-तुटक वाजवत. दोन स्वर, मग गप्प, बोटांवर मोजत बसायचे, पुन्हा दोन स्वर. "हे कुणाचं हो आजोबा?" असं मी विचारलं की म्हणायचे, "बेलाचं." माझ्या डोळ्यांसमोर एक बाई उभी राहायची. बेला हे बाईचंच नाव, आमच्या शाळेतही एक बेला होती. पुढे रेडिओवर हिंदी निवेदक 'बेलावादन' म्हणाले तेव्हा घरच्यांनी सांगितलं की व्हायोलिनला हिंदीत बेला म्हणतात. मग मला वाटलं, आजोबा व्हायोलिनचंच काहीतरी वाजवत असणार. ते वाजवतात ते अर्धंच का, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

बेला बाई नव्हती. केलेर हे आडनाव, बेला हे नाव. हंगेरियन लोक आडनाव आधी लिहितात, आपल्या शाळेच्या हजेरीपटावर असायचं तसं. जर्मन आणि इंग्लिश प्रकाशकांनी ते तसंच्या तसं छापलं आणि 'बेला' हेच आडनाव समजून कित्येक ठिकाणी त्याची नोंद केली. जर्मनमध्ये त्याचं नाव आडालबर्ट फॉन केलेर. बेला हा त्याच नावाचा हंगेरियन अवतार. ज्या गावात १३ फेब्रुवारी १८२० रोजी तो जन्मला त्या गावालाही तीन नावं आहेत. हंगेरियन बार्तफा, जर्मन बार्टफेल्ड, आणि आजच्या स्लोव्हाकियातलं बार्देयोव. तटबंदीचं, दगडी चौकाचं जुनं व्यापारी गाव. आणि गावाबाहेर थोड्याच अंतरावर पाइनच्या जंगलात औषधी पाण्याचे झरे, जिथे बड्या घरची माणसं उन्हाळ्यात हवापालटाला येत. पुढे १८९५मध्ये ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ तिथे राहून गेली. तिचा पुतळा अजून तिथे आहे. केलेर एका झऱ्याच्या गावाजवळ जन्मला, आणि मेला तो दुसऱ्या झऱ्यांच्या गावी, जर्मनीतल्या वीसबाडेनमध्ये. मधली बासष्ट वर्षं बघायला लागले आणि मी त्यात अडकले.

त्याने आधी कायद्याचा अभ्यास केला. तो जमला नाही. मग शेती करून पाहिली. तीही जमली नाही. १८४५मध्ये, पंचविसाव्या वर्षी, व्हायोलिन घेऊन तो व्हिएन्नाला गेला. हे वय संगीतात फार उशिराचं. ज्या शहरात दहा वर्षांची पोरं मैफिली करतात तिथे पंचविशीचा खेडवळ हंगेरियन 'थिएटर आन डेर वीन'च्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवायला बसला आणि दिवसा सिमोन झेख्टरकडे शिकू लागला. झेख्टर म्हणजे कडक शिस्तीचा संगीतशास्त्रज्ञ. १८२८च्या नोव्हेंबरात, मरणाच्या पंधरा दिवस आधी, संगीतकार शूबर्ट याच झेख्टरकडे काउंटरपॉइंट, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या सुरावटींची गुंफण, शिकायला गेला होता; पुढे ब्रुकनर वर्षानुवर्षं याच्याकडे शिकला. असल्या गुरूकडे शिकून केलेरने पुढे काय लिहिलं, तर वॉल्ट्झ, पोल्का, गॅलप असले नाच आणि मार्च. काही जणांना हे वाया गेल्यासारखं वाटेल. मला वाटत नाही. ज्याचं सांगाड्याचं गणित पक्कं असतं त्याचंच हलकं संगीत शंभर वर्षं टिकतं. आजोबांच्या कागदावर सेकंड क्लॅरिनेटला जे दोन-दोन स्वर दिलेत तेही नेमक्या जागी बसलेत.

व्हिएन्नात त्या वेळी नाचाच्या संगीताची दोन घराणी होती, लानर आणि श्ट्राउस. दोन्ही थोरले लवकर गेले; योझेफ लानर १८४३मध्ये, थोरला योहान श्ट्राउस १८४९मध्ये. हे वाद्यवृंद म्हणजे एका माणसाचा संसार असायचा. त्याच्या नावावर वादक जमायचे, त्याच्या नावावर सुपारी यायची, आणि तो गेला की सगळं पांगायचं. आपल्याकडच्या बँडपार्टीसारखंच. मास्तर गेला की बँड गेला. केलेरला असे दुसऱ्याचे मोडके संसार सांभाळायचं काम पुन्हा पुन्हा आलं. १८५४च्या मे महिन्यात तो बर्लिनला गेला, गुंगल या संगीतकाराच्या नावाने चालणारा वाद्यवृंद हाती घ्यायला. काही महिन्यांत परत आला. मग लानरचा वाद्यवृंद. लानरचा मुलगा आउगुस्ट तो चालवत होता. तो १८५५मध्ये, अवघ्या विसाव्या वर्षी वारला आणि ती जागा केलेरकडे आली. समोर धाकटा योहान श्ट्राउस भर जोमात. वर्षभरात केलेरने तेही सोडलं आणि १८५६मध्ये ऑस्ट्रियन सैन्याच्या माझुकेल्ली पायदळ पलटणीचा बँडमास्तर झाला.

बँडमास्तर. 'कापेलमाइस्टर' या शब्दाला माझ्याजवळ याहून चांगला मराठी शब्द नाही. आजोबांनाही निवृत्तीनंतर गावात सगळे मास्तरच म्हणायचे, पोलीस बँडमध्ये ते शेवटपर्यंत साधे वादक होते तरी.

याच काळात, १८५०च्या दशकाच्या अखेरीस, त्याने एक चार्दाश छापली. तिचं नाव 'बार्तफाई एमलेक', म्हणजे बार्तफाची आठवण. ओपस, म्हणजे रचनेचा अनुक्रमांक, ३१. चार्दाश म्हणजे हंगेरीतला रस्त्याकडेच्या खाणावळीवरून नाव पडलेला नाच. आधी संथ, जड, छाती भरून येणारा भाग, त्याला म्हणतात लश्शू. मग वेग घेत जाणारा फ्रिश. रोमा वादकांचे ताफे तो वाजवत. पुढे व्हायोलिनवाला प्रीमाश, मागे संतुराच्या जातीचं त्सिंबालोम. १८४८-४९चं हंगेरियन स्वातंत्र्ययुद्ध चिरडून दहा वर्षंही झाली नव्हती. चार्दाश वाजली की हंगेरियन माणसाच्या मनात जे हलायचं ते नुसतं नाचापुरतं नव्हतं. आणि इथे ऑस्ट्रियन सम्राटाचा गणवेश घातलेला एक बँडमास्तर आपल्या गावाच्या नावाने चार्दाश लिहितोय. यात बंडखोरी शोधण्याची गरज नाही. त्याला गावाची आठवण आली होती, एवढं त्याने मथळ्यातच सांगितलंय.

ती धून तुम्ही ऐकलेली आहे. ही हमी मी देते. चॅप्लिनने १९४०च्या एका चित्रपटात न्हाव्याची भूमिका केलीय. तो रेडिओवरच्या संगीताच्या तालावर गिऱ्हाइकाची दाढी करतो. संगीत थबकलं की वस्तरा हवेत थबकतो, वेग घेतला की ब्रश पळतो. ते संगीत म्हणजे जर्मन संगीतकार ब्राम्सचा 'हंगेरियन डान्स नंबर पाच'. जगातल्या लग्नांत, सर्कशीत, मोबाइलच्या रिंगटोनमध्ये, लहान मुलांच्या खेळण्यांत तो वाजतो. आणि त्याची मूळ धून आहे 'बार्तफाई एमलेक'.

ब्राम्स हॅम्बुर्गचा. १८५३मध्ये, विशीला टेकलेला असताना, तो एदे रेमेन्यी या हंगेरियन व्हायोलिनवादकाला पियानोची साथ करत गावोगाव हिंडला. रेमेन्यी बंडातून पळून आलेला. त्याच्याकडून ब्राम्सला हंगेरियन संगीताचा जो नाद लागला तो जन्मभर सुटला नाही. १८६९मध्ये बर्लिनच्या झिमरॉक या प्रकाशकाने ब्राम्सचे हंगेरियन डान्स काढले, एका पियानोवर दोघांनी चार हातांनी वाजवायचे. त्यात पाचव्या क्रमांकावर ही धून होती. ब्राम्सने ती लोकधून समजून घेतली. कुणा एका जिवंत माणसाने, नाव घालून छापलेली ती रचना आहे हे त्याच्या गावीही नव्हतं.

त्याच्यावर चोरीचा आळ घेण्याचा माझा विचार नाही. मुखपृष्ठावर त्याने 'रचले' असं लिहिलं नाही, 'मांडणी केली' अशा अर्थाचा शब्द घातला, आणि ओपस क्रमांकही दिला नाही. आपल्या कृतींच्या रांगेत त्याने हे नाच बसवलेच नाहीत. झिमरॉकला त्याने कळवलं होतं की ही खरीखुरी जिप्सी लेकरं आहेत, जन्म मी दिलेला नाही, दूध-पावावर वाढवली तेवढी मी. वाक्य प्रेमळ आहे. पण त्यातल्या एका लेकराचा बाप त्या दिवशी हयात होता, वय वर्षं ४९, आणि वीसबाडेनमध्ये राहत होता. रेमेन्यीने पुढे १८७९मध्ये अमेरिकेतल्या एका वर्तमानपत्राला मुलाखत देऊन या नाचांवरून ब्राम्सवर तोफ डागली. देशोदेशींचे कॉपीराइट जोडणारा बर्नचा करार व्हायचा होता, तो १८८६चा.

इथे मला आमच्या संगीत नाटकांच्या जुन्या पुस्तकांची आठवण येते. प्रत्येक पदाच्या डोक्यावर बारीक अक्षरात छापलेलं असतं, 'चाल', आणि पुढे ज्या गाण्यावरून ती घेतली त्याचे पहिले चार शब्द. राग आणि ताल बाजूला. पद नवं, चाल कुणाची ते आधी सांगायचं. किर्लोस्करांचं शाकुंतल १८८० साली पुण्यात रंगभूमीवर आलं. ब्राम्सच्या हंगेरियन डान्सचे पुढचे दोन खंडही त्याच १८८०चे. मी दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून पाहिली. त्या काळी चाल घेण्यात कुणाला कमीपणा वाटत नव्हता, आणि मला तर हा 'चाल' शब्द फार सभ्य वाटतो. ब्राम्सच्या पाचव्या नाचावर कुणी एवढंच छापलं असतं, 'चाल: बार्तफाची आठवण', तर माझ्या आजोबांच्या वयाच्या बँडवाल्यांना दोन वेगळ्या माणसांची दोन गाणी म्हणून जे ठाऊक होतं त्यांच्यात एक धागा दिसला असता. लुस्टश्पील ओव्हर्चर आणि हंगेरियन डान्स, दोन्हींच्या मुळाशी एकच मास्तर.

मागच्या उन्हाळ्यात कामानिमित्त फ्रँकफर्टला जाणं झालं. तिथून वीसबाडेन लोकल ट्रेनने तासाभरापेक्षाही जवळ. एक रविवार मी त्यासाठी राखून ठेवला. तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून बरोबर घेतला होता. का घेतला ते तेव्हा मला सांगता आलं नसतं.

ऊन पाण्याचा झरा म्हटला की आपल्याला वज्रेश्वरी आठवते, उन्हवरे आठवतं. देवळाशेजारचं कुंड, ओल्या पायऱ्या, गंधकाचा वास, अंगावर पंचा. वीसबाडेनला पाणी आहे तसंच, पण त्याच्याभोवती उभं केलेलं जग वेगळं. गावात असे सव्वीस झरे आहेत. रोमन सैनिक या पाण्यात उतरायचे. 'मात्तियाकी लोकांचं पाणी' असं गावाचं लॅटिन नाव आजही कुरहाऊसच्या, म्हणजे झऱ्यावर आलेल्या पाहुण्यांच्या करमणुकीच्या इमारतीच्या, खांबांवर कोरलेलं आहे. सगळ्यात नावाजलेला झरा कोखब्रुनेन, उकळती विहीर. ६६ अंश सेल्सिअसचं पाणी वर येतं, आणि ज्या दगडावरून ते वाहतं त्यावर तांबूस-पिवळे थरच्या थर साचलेत, कावेच्या रंगाचे. पेल्यात घेऊन प्यायले. खारट, कोमट रश्शासारखं. ते पाणी घोटाघोटाने, चालत-चालत प्यायचं असतं. इथेच मला सगळी गोष्ट उमगली.

कारण या चालण्यासाठीच तर वाद्यवृंद होता. एकोणिसाव्या शतकातला डॉक्टर सांगायचा, सकाळी उपाशीपोटी इतके पेले प्या, प्रत्येक पेल्यानंतर इतकी मिनिटं फेऱ्या मारा. पोट बिघडलेले जमीनदार, संधिवाताने वाकलेल्या सरदारणी, रशियन अधिकारी, इंग्लिश कुटुंबं, हातात पेला घेऊन गोल-गोल चालत. तीन आठवडे, चार आठवडे. नुसतं चालवत नाही, म्हणून संगीत. सकाळी झऱ्याशी, दुपारी-संध्याकाळी बागेत. सकाळच्या वादनाची सुरुवात बहुतेक ठिकाणी भक्तिगीताच्या चालीने व्हायची, आपल्याकडे दिवसाची सुरुवात भूपाळीने व्हावी तशी. मग मार्च, ओव्हर्चर, वॉल्ट्झ, एखाद्या ऑपेरातल्या गोड जागांची गुंफण, शेवटी गॅलप. बोहेमियातल्या कार्ल्सबाडला तर पाहुण्यांकडून संगीताचा वेगळा कर घेत. तिथे १८३५मध्ये योझेफ लाबिट्स्कीने वाद्यवृंद बांधला आणि त्याच्यामागून त्याच्या मुलाने, आउगुस्टने, तो चालवला. तो वाद्यवृंद आजही आहे.

या मास्तराचं काम काय असेल याचा विचार करत मी कुरहाऊसमागच्या बागेत बसले. समोर तळं, बदकं. लोक त्याच्यापुढून जाणार, येणार, बोलणार, कुणाला नमस्कार करणार, कुणाची तब्येत विचारणार. कुणी दोन मिनिटं थांबेल, कुणी पाठ करून बसेल. त्याने वाजवायचं ते इतकं मोठं नको की बोलणं बंद पडेल, इतकं बारीक नको की चालणाऱ्याची पावलं ढिली पडतील. रोज नवं हवं, कारण पाहुणा महिनाभर इथेच आहे आणि त्याला कालचंच आज नको. आणि ओळखीचंही हवं, कारण आजारी माणसाला फार नवं झेपत नाही. झेख्टरकडचा कोणताही पाठ याहून अवघड नसेल. केलेरने आयुष्यात १३०हून जास्त ओपस लिहिले. 'आशेचे तारे' नावाचा वॉल्ट्झ, 'हुर्रा-तुफान' नावाचा गॅलप, राकोत्सी या हंगेरियन वीराच्या नावाचं ओव्हर्चर, 'सुंदर ऱ्हाइनकाठी तुझी आठवण' नावाचा वॉल्ट्झ. पुन्हा आठवणच. पाहुणा घरी जाताना यांच्या पियानोसाठी छापलेल्या प्रती विकत घेऊन जायचा, जसं आपण तीर्थाहून परतताना अंगारा आणतो. त्या दिवाणखान्यांतून ही नावं कुठे कुठे पोहोचली. त्यातलंच एक ओव्हर्चर, ओपस ७३, इंग्लिश बँडसाठी छापलं गेलं, समुद्र ओलांडून आलं आणि महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या पोलीस बँडच्या कपाटात पडलं.

केलेर वीसबाडेनला आला तो १८६३मध्ये, नासाऊच्या ड्यूकच्या पलटणीचा बँडमास्तर म्हणून. तेव्हा हे गाव त्या छोट्या संस्थानाची राजधानी होतं. कुरहाऊसमध्ये जुगार चालायचा आणि गावाच्या झगमगाटाला तेल त्याच दिव्यातून मिळायचं. बागा, रोषणाई, संगीत. दोस्तोयेव्हस्की १८६५च्या उन्हाळ्यात इथेच रुलेटवर सगळं हरला. हॉटेलवाल्याने त्याचं जेवण बंद केलं, नुसत्या चहावर दिवस काढले त्याने. त्या दिवसांत केलेरही याच गावात होता, त्या ड्यूकच्या पदरी. एक माणूस उपाशी खोलीत बसलाय आणि बाहेर कुठेतरी गॅलप वाजतोय, हे चित्र माझ्या डोक्यातून जात नाही. दोघांची भेट झाली असं मी म्हणत नाही. गाव एकच होतं, एवढंच.

१८६६मध्ये प्रशिया आणि ऑस्ट्रियाचं युद्ध झालं. ड्यूक ऑस्ट्रियाच्या बाजूने राहिला आणि हरला. प्रशियाने नासाऊ गिळून टाकलं. संस्थान गेलं तशी पलटण गेली, पलटण गेली तसा बँड गेला. शेहेचाळिसाव्या वर्षी केलेर पुन्हा मोकळा. पुढच्या काही वर्षांत कुरहाऊसचा वाद्यवृंद त्याच्या हाती आला, आणि आयुष्यभर ज्याची तयारी झाली होती ते काम त्याला अखेर मिळालं. पण तेही फार दिवस नाही. प्रशियाच्या सरकारने जुगार बंद करायला लावला. १८७२ संपलं तशी वीसबाडेनची रुलेटची चाकं थांबली. १८७३मध्ये प्रकृतीने साथ सोडली म्हणून केलेरने जागा सोडली. पुढची नऊ वर्षं तो त्याच गावात राहिला. आजारी माणसांना चालतं ठेवणारा मास्तर स्वतःच आजारी. २० नोव्हेंबर १८८२ला तो गेला.

पुढच्याच उन्हाळ्यात, १८८३मध्ये, पन्नाशीचा ब्राम्स वीसबाडेनला येऊन राहिला. गावावरच्या गाइसबर्गच्या चढणीवर त्याने जागा घेतली आणि तिसरी सिंफनी लिहिली. ही सिंफनी मी अनेकदा ऐकलीय. तिचे चारही भाग हळू आवाजात संपतात, शेवटचासुद्धा, जिथे सगळे टाळ्यांसाठी आवाज चढवतात. डिसेंबरात ती व्हिएन्नात वाजली. ब्राम्स उन्हाळाभर त्या रस्त्यांवरून फिरला, बहुधा त्या बागेतही बसला. ज्याच्या गावाची आठवण त्याने आपल्या हाताने जगभर पोहोचवली, तो माणूस सात-आठ महिन्यांपूर्वीपर्यंत इथेच होता. सात-आठ महिने. मला हे वाचल्यापासून या आकड्याची हळहळ वाटत आलीय, आणि ती कमी व्हावी असंही वाटत नाही.

केलेर ज्या कुरहाऊससमोर उभा राहून वाजवायचा ते आज नाही. १८१०मध्ये क्रिस्टियान त्साइसने बांधलेली ती इमारत १९०५मध्ये पाडली आणि १९०७मध्ये आताची भव्य वास्तू उभी राहिली. शेजारच्या खांबांच्या लांबलचक पडव्या मात्र त्याच्या वेळच्याही आधीच्या आहेत. मी त्यातून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. पावलं आपोआप एका लयीत पडू लागतात. खांब, सावली, खांब, सावली.

आजोबांचं काय होतं ते आता सांगते. पोलीस बँडमध्ये त्यांनी सत्तावीस वर्षं वाजवलं आणि सत्तावीस वर्षं सेकंड क्लॅरिनेटच. पंधरा ऑगस्टला संचलन, पाहुणे आले की सलामी, आणि कधीमधी कलेक्टरांच्या बंगल्यावर संध्याकाळचं चहापान. हिरवळीवर खुर्च्या, टेबलावर बशा, आणि एका कडेला झाडाखाली बँड. आजी सांगायची, त्या संध्याकाळी आजोबा परत आले की फार खुशीत असत, कारण संचलनात फक्त मार्च, पण चहापानाला ओव्हर्चर. "ऐकतं कोण तिथं?" असं तिने विचारलं की म्हणायचे, "आम्ही ऐकतो की." निवृत्तीनंतर त्यांनी गावातल्या बँडला हाताशी धरलं. लग्नाच्या सुपाऱ्या, मिरवणुका, गणपती. एका मोठ्या घरच्या वरातीत रात्री दोनपर्यंत वाजवून घेतलं आणि निम्मे पैसे दिले, ती बोच त्यांच्या मनात राहिली. पण त्या रात्रीचं बोलताना ते पैशाचं कधी बोलले नाहीत. म्हणायचे, "पोरांनी शेवटची चाल पुरी वाजवली. कुणी निघून गेला नाही."

बागेत तळ्याकाठी बाक रिकामा होता. मी पिशवीतून कागद काढला. आता दिवसाच्या प्रकाशात नीट दिसत होतं. विश्रांतीच्या प्रत्येक जागेवर, जिथे सेकंड क्लॅरिनेटने गप्प राहून बार मोजायचे असतात, तिथे आजोबांनी पेन्सिलने देवनागरी आकडे लिहिले होते. १ २ ३ ४ ५ ६ ७ ८. आणि आठाच्या पुढे एक छोटी उभी रेघ, श्वास घ्यायची खूण. एके ठिकाणी सोळा आकडे, आणि त्यांच्यावर बारीक अक्षरात, 'कॉर्नेट संपू दे'.

मोबाइलवर ते ओव्हर्चर शोधलं, कानात घातलं, आणि पहिल्या स्वरापासून कागदावर बोट ठेवून चालू लागले. अंगणात ऐकलेलं ते तुटक-तुटक आता जागेवर पडत होतं. दोन स्वर, आणि त्यांच्यावर व्हायोलिनं. गप्प, आणि त्या गप्प बसण्यात बासरी. ते काय ऐकत बसायचे बोटं मोजत, ते आता मला ऐकू येत होतं. एक म्हातारी बाई वॉकर ढकलत पुढून गेली, दोन मुलं बदकांना पाव टाकत होती. मी सोळा आकड्यांशी आले. बोट एकेका आकड्यावरून सरकत गेलं. कॉर्नेट वाजत होता, चौदा, पंधरा, सोळा, कॉर्नेट संपला, रेघेवर मी श्वास घेतला, आणि क्लॅरिनेटं आत आली.